कुळे बांधा, घाट पडद्यामागे ठेवा: घरच्या लेआउटवर मालगाडी खरी वाटावी म्हणून

डिचोलीच्या एका गृहस्थांचा प्रश्न थोडक्यात असा. १२ बाय १० फुटांच्या खोलीत भिंतीच्या कडेने त्यांचा मॉडेल रेल्वेचा एचओ मापाचा (खऱ्याच्या १:८७) लेआउट आहे. दोन डिझेल इंजिनं, १४ बॉक्सएन (कोळसा-खनिजाच्या उघड्या वाघिणी, म्हणजे मालडबे), ५ बंद वाघिणी, ३ टाक्या, शेवटी गार्डची ब्रेकव्हॅन. एक लूप आहे, म्हणजे दुसरी गाडी जाईपर्यंत उभं राहायचा बाजूचा रूळ; त्यात इंजिन सोडून नऊ वाघिणी मावतात. दोन सायडिंगं, म्हणजे माल चढवा-उतरवायचे फाटे, आहेत, एक गोदामाचं आणि एक खनिजाच्या खाणीचं. त्यांनी अमेरिकन पद्धतीने प्रत्येक वाघिणीचं कार्ड बनवलं आणि कार्ड सांगेल तिथे वाघीण नेऊन ठेवायला लागले. तीन रविवारांत कंटाळा आला. त्यांचेच शब्द: "ऑफिसात फायली लावल्यासारखं वाटतं. गाडी धावते, पण मालगाडी वाटत नाही. चुकतंय कुठे?"

आधी माझ्याविषयी एवढंच सांगतो की मी रेल्वेत कधी नव्हतो. मुरगाव बंदरावर मालाच्या कागदपत्रांत माझी नोकरी गेली, आणि वीसेक वर्षं घरी लेआउट चालवतो. गाड्या रोज खिडकीतून दिसायच्या, पण माझं लक्ष इंजिनाच्या नंबरापेक्षा रेक (मालगाडीच्या वाघिणींची सबंध माळ) किती वाजता लागली आणि किती वाजता मोकळी झाली याकडे असायचं. त्यामुळे माझं उत्तर थोडं कारकुनी वळणाचं आहे. ज्यांना इंजिनाच्या आवाजात आणि रंगात रस आहे त्यांना ते रुक्ष वाटेल.

तुमची कार्डं चुकीची नाहीत, ती दुसऱ्या देशाची आहेत. ही पद्धत डग स्मिथ यांनी १९६१ साली अमेरिकेत मांडली. तिथे एकेक डबा वेगळ्या गिऱ्हाइकाचा असतो. एक लाकडाच्या वखारीला, एक पिठाच्या गिरणीला, एक छापखान्याला. गाडी वाटेत थांबत थांबत डबे सोडते आणि उचलते, म्हणून प्रत्येक डब्याला पत्ता लागतो. आपल्याकडे बॉक्सएनच्या जमान्यात हे जवळजवळ संपलं. आपली मालगाडी म्हणजे एक रेक: पाठवणारा एक, घेणारा एक, माल एकच. बॉक्सएनची पूर्ण रेक साधारण ५८ वाघिणींची, आणि ती सबंधच्या सबंध बंदरातून निघून सबंधच कारखान्यात शिरते. तिच्यातली एक बॉक्सएन सुटी काढून गोदामाला लावायची म्हणजे भरलेल्या कदंब बसमधून एक सीट उपटून कुणाच्या तरी दारात ठेवण्यासारखं आहे. तुम्हाला फायली लावल्यासारखं वाटलं, कारण त्या हालचालीला कारणच नव्हतं.

मग शंटिंगला, म्हणजे वाघिणी काढण्या-जोडण्याला, कारण कुठून आणायचं? माझ्या मते प्रश्न इथेच आहे, आणि त्याचं उत्तर तुम्ही कुठला काळ निवडता त्यावर अवलंबून आहे. तुमच्याकडे बॉक्सएन आहेत, म्हणजे काळ ठरलेला आहे. जुन्या मीटरगेजचं काय, ते पुढे सांगतो.

त्याआधी खाणीविषयी. डिचोलीत वाढलेल्या माणसाने लेआउटवर खाण बांधावी हे मी समजू शकतो. लाल धूळ आणि ट्रकांच्या रांगा तुम्ही लहानपणापासून पाहिल्यात. पण डिचोलीला रेल्वे नाही. गोव्याचं खनिज बहुतेक ट्रकने धक्क्यापर्यंत आणि तिथून बार्जने मांडवी किंवा जुवारीतून बंदराला जायचं. रेल्वेने बंदरावर यायचं ते घाटावरचं, होस्पेट-बळ्ळारीकडचं खनिज. आता त्याच रुळांवरून मुख्यतः उलट्या दिशेचा माल दिसतो. परदेशातून आलेला कोळसा मुरगावला उतरतो आणि कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे घाट चढून जातो. रिकाम्या रेका खाली येतात. या कोळशावरून गोव्यात किती रान उठलं आहे ते तुम्हाला माहीत आहे, माझंही मत आहे, पण ते इथे नको.

काल्पनिक खाण ठेवायला माझी हरकत नाही. लेआउट तुमचा. पण फुकटात एक बदल सुचवतो. खाणीचं सायडिंग आहे तसंच ठेवा, लाल ढीग काढून काळा ढीग घाला, शेजारी एक लोडर उभा करा आणि पाटीवर मुरगाव बंदर लिहा. एका संध्याकाळचं काम. आता तुमच्या १४ बॉक्सएनना जायला ठिकाण आहे आणि तिथे जायला कारण आहे.

आता लांबीचा हिशेब, कारण तुमची दुसरी अडचण तिथे आहे आणि ती तुम्ही विचारलेली नाही. खरी बॉक्सएन कपलिंगपासून कपलिंगपर्यंत १०.७ मीटर. एचओत ती १२३ मिलिमीटर होते. ५८ ची रेक केली तर नुसत्या वाघिणीच सात मीटरच्या वर जातात, आणि रेल्वे लूप धरते साधारण ६८६ मीटरचा, तो आपल्या मापात जवळजवळ आठ मीटर. एवढी भिंत कुणाच्याच घरी नसते. म्हणून सगळेच गाडी आखूड करतात. प्रश्न एवढाच की किती आखूड, आणि ते लूपकडे बघून ठरवायचं असतं. तुमच्याकडे १४ आहेत म्हणून तुम्ही १४ जोडता. नऊच्या लूपमध्ये ती गाडी कुठेच थांबू शकत नाही. समोरून दुसरी आली तर तिला आधीच लूपमध्ये घालून ठेवावं लागतं आणि तुमची लांबलचक गाडी न थांबता पुढे काढावी लागते. खऱ्या रेल्वेतही कुठली गाडी कधी सोडायची ते ठरवणारे कंट्रोलर लांब गाड्यांपायी असेच डोकं धरून बसतात. पण त्यांच्याकडे पुढचं मोठं स्टेशन असतं. तुमच्याकडे नाही.

माझा सल्ला: १० बॉक्सएनची रेक ही तुमची पूर्ण रेक माना. १.२३ मीटर वाघिणी, मागे-पुढे एकेक इंजिन मिळून जास्तीत जास्त अर्धा मीटर, आणि ब्रेकव्हॅन. १.८५ मीटर झाले. लूप १.९५ मीटर मोकळा हवा, म्हणजे एक सांधा (गाडीचा रूळ बदलतो ती जागा) साधारण ६० सेंटिमीटर सरकवायचा. भिंत संपत असेल तर लूप कोपऱ्यात वळवा. वळणावरचा लूप म्हणजे काही कमीपणा नाही. उरलेल्या चार बॉक्सएन विकू नका, त्यांचं काम पुढे येईल.

(इथे कुणीतरी सांगेलच की १६.५ मिलिमीटरचा रूळ १:८७ मध्ये आपला ब्रॉडगेज नव्हेच, त्याला १९ मिलिमीटरपेक्षा थोडा जास्त हवा. बरोबर आहे. मी वीस वर्षं त्याकडे दुर्लक्ष केलंय, तुम्हीही करा.)

आता घाट. गोव्यातला लेआउट म्हटलं की प्रत्येकाला दूधसागर हवा असतो. मीही केला होता. राळेचा धबधबा, कापसाचे तुषार, सगळं. दूधसागर आहे त्या ब्रागांझा घाटाचा चढ ३७ ला १. १२ फुटांच्या भिंतीला या चढाने तुम्ही जेमतेम ९९ मिलिमीटर वर जाता, एका रुळावरून दुसरा रूळ कसाबसा नेण्याइतकं. तेवढ्यासाठी सबंध भिंत जाते, इंजिनं दमतात, आणि गाडी चढून गेली की तिथे करण्यासारखं काहीच उरत नाही. धबधबा पाहायला पाहुणे येतात, पाच मिनिटं बघतात आणि चहा मागतात. काही वर्षांनी मी घाट पाडला आणि त्या जागी घाटाच्या पायथ्याचं कुळे स्टेशन बांधलं.

कुळे का? घाटातल्या मालगाडीचं जे काही घडतं ते कुळ्याला घडतं. मडगावकडून भरलेली रेक येते आणि थांबते. एकट्या इंजिनाच्याने घाट होणार नसतो, म्हणून मागून ढकलायला बँकर जोडतात. पुढचा सेक्शन मोकळा होईपर्यंत ती तिथेच उभी असते. तेवढ्यात सवारी गाडी आली तर मालगाडी आणखी थांबते. वरून रिकामी रेक उतरते. बँकर नुसतेच परत येतात आणि पुढच्या गाडीची वाट बघत उभे राहतात. हे सगळं दोन-अडीच मीटर फळीवर मावतं. घाट मात्र पडद्यामागे: एका भिंतीवरचा रूळ कमी उंचीच्या रंगवलेल्या फळीने झाका, तिथे घाटमाथ्याचं कॅसलरॉक स्टेशन आहे असं माना. गाडी झाडीत शिरली की घाट चढायला लागली. वाटेतली दूधसागर, करंझोळ वगैरे स्टेशनं मी गिळून टाकली आहेत. कुळे ते कॅसलरॉक एकच सेक्शन. हे खरं नाही, पण एका माणसाच्या डोक्यात मावतं.

दोन इंजिनं तुम्हाला नेमकी पुरतात: एक गाडीचं, एक कुळ्याचा बँकर. बँकर जोडताना एक गोष्ट सांभाळा. मागचं इंजिन पुढच्यापेक्षा किंचित आळशी हवं. ते जास्त जोर करायला लागलं की मधल्या हलक्या वाघिणी वळणावर उचलल्या जातात आणि बाहेर पडतात. डीसीसी (प्रत्येक इंजिन वेगळं चालवायची डिजिटल पद्धत) असेल तर दोन्हींचे वेग जुळवून मागच्याचा एखाद-दुसरा टप्पा कमी करा. वाघिणींचं वजनही तपासा. अमेरिकेच्या मॉडेल संघटनेचा, एनएमआरएचा, ठोकताळा लावला तर एचओतल्या बॉक्सएनला सुमारे ९७ ग्रॅम हवेत. बाजारातल्या बऱ्याच वाघिणी त्याहून हलक्या असतात. तळाला शिशाचे किंवा लोखंडाचे तुकडे चिकटवा.

भरलेली आणि रिकामी यातला फरक दिसलाच पाहिजे, हे मी सगळ्यांना सांगतो आणि निम्मे लोक ऐकत नाहीत. दहाही बॉक्सएन बाराही महिने कोळशाने भरलेल्या असतील तर तो कोळसा जातो कुठे? फोमच्या पट्टीवर कुटलेला कोळसा चिकटवा, पट्टीच्या आत लोखंडी वॉशर बसवा, आणि काडीच्या टोकाला लावलेल्या चुंबकाने सगळा ढीग उचला. चढताना भरलेली, उतरताना रिकामी. पडद्यामागे ढीग काढून डब्यात घालायचे, बंदरात परत ठेवायचे. कोळसा झाकणारी ताडपत्री दाखवायची असेल तर टिश्यू पेपर निळ्या रंगात बुडवून ढिगावरच वाळवा.

आता ज्या गोष्टीसाठी मला पगार मिळायचा ती: वेळ. बंदराच्या सायडिंगला रेक लागली की घड्याळ सुरू होतं. ठरलेल्या तासांत भरून मोकळी केली नाही तर डेमरेज, म्हणजे उशिराचा दंड, लागतं, आणि डेमरेजचं बिल आलं की साहेब आधी माझ्या टेबलाशी यायचे. मालवाहतुकीचा सगळा ताण यात आहे, वेगात नाही. मालगाडीचं आयुष्य बहुतांशी उभं राहण्यात जातं. लेआउटवर आपण नेमकं तेच टाळतो, गाडी उभी राहिली की आपल्याला काहीतरी बिघडल्यासारखं वाटतं.

म्हणून घड्याळ चौपट करा. अडीच तासांत दहा तास सरतात. फोनवर अशी घड्याळं मिळतात, नाहीतर मिनिटांचा तक्ता भिंतीवर लावा. तुमच्या सायडिंगमध्ये १० बॉक्सएन एकदम बसणार नाहीत. उत्तमच. खऱ्यातही सायडिंग आखूड असलं की रेक दोन तुकड्यांत लावतात. पाच लावा, दीड तास भरू द्या. तुमच्या मनगटावरच्या घड्याळात ती २२-२३ मिनिटं. तेवढ्या वेळात इंजिनाने दुसरं काम करून परत यायचं, पाच काढायच्या, दुसऱ्या पाच लावायच्या. उशीर झाला तर एका वहीत डेमरेज लिहायचं. मी तासाला दहा रुपये लावतो आणि महिनाअखेर ते पैसे नव्या कपलिंगसाठी वेगळे काढतो. बायको म्हणते हा स्वतःच्याच खिशातून स्वतःला दंड आहे. आहेच.

वाघिणींची कार्डं बाजूला ठेवा, त्याऐवजी रेकला एक कागद करा. माल काय, कुठून कुठे, वाघिणी किती, कधी लावली, कधी भरली, कधी निघाली. एवढं पुरे. प्रत्येक वाघिणीचा नंबर मात्र त्यावर लिहा, कारण आता त्या चार राखीव बॉक्सएनची पाळी आहे.

रेक निघण्याआधी तपासणीवाले, ज्यांना सगळे टीएक्सआर म्हणतात, गाडी तपासतात आणि ब्रेक पॉवरचं सर्टिफिकेट देतात. ते ड्रायव्हर आणि गार्डच्या हातात पडल्याशिवाय गाडी हलत नाही. (गार्डला आता ट्रेन मॅनेजर म्हणायचं असतं, माझ्या तोंडी बसत नाही.) एखादी वाघीण बिघडलेली निघाली तर ती "सिक". तिला रेकमधून काढून सिक लाइनला टाकतात. हे मी लेआउटवर अगदी खरोखर करतो. रेक भरली की प्रत्येक वाघिणीच्या चाकांचं अंतर गेजने तपासतो, कपलिंगची उंची बघतो, बोटाने हलवून चाकं फिरतात का पाहतो. दहा वाघिणींना सहा-सात मिनिटं. एखादी नापास झाली तर तिचं शंटिंग. मधली असेल तर गाडी तोडा, मागचा तुकडा धरून ठेवा, आजारी वाघीण बाहेर काढा, राखीवमधली निरोगी आणून जोडा, कागदावर नंबर बदला. बघा, शंटिंगला कारण मिळालं. तेही खरं, कोड्यातलं नव्हे, आणि तुमच्या वाघिणींची देखभालही आपोआप होते.

ही शिस्त मला फुकट मिळाली नाही. घाट पाडायच्या आधीची गोष्ट. एका बॉक्सएनचं कपलिंग थोडं खाली लोंबत होतं, मला माहीत होतं, "नंतर बघू" म्हणून सोडलं. पाहुण्यांसमोर बँकर न लावताच गाडी चढवली. ऐन चढावर ते कपलिंग सुटलं आणि मागच्या सात वाघिणी उताराला लागल्या. भाच्याने हात घालून चार अडवल्या. बाकीच्या तीन फरशीवर. त्यातली एक आजही माझ्या सिक लाइनला उभी आहे, मुद्दाम.

ज्यांना दोघांनी मिळून खेळायचं आहे त्यांच्यासाठी गोटी. एकेरी मार्गावर दोन गाड्या एका सेक्शनमध्ये येऊ नयेत म्हणून पूर्वी यंत्रातून टोकन निघायचं. नीलच्या यंत्रातला तो धातूचा गोळा जुन्या लोकांनी पाहिलेला असतो. माझ्याकडे प्रत्येक सेक्शनला एक काचेची गोटी आहे आणि ती कंट्रोलरच्या वाटीत असते. गोटी हातात नाही तर गाडी नाही, मग समोर रूळ मोकळा दिसत असला तरी. भाचा कंट्रोलर असला की तो मला अर्धा-अर्धा तास कुळ्याला बसवतो, मुद्दाम. तुमच्याकडे सवारी गाडी नाही, हरकत नाही. कंट्रोलरने तक्त्यात गोवा एक्सप्रेस लिहावी आणि तेवढा वेळ गोटी देऊ नये. डबे दिसले नाहीत तरी तुमची मालगाडी तिच्यासाठी थांबतेच. एकटे असाल तर चिठ्ठ्या करा: "घाट मोकळा", "४० मिनिटं थांबा", "सवारी गाडी उशिरा". कुळ्याला पोचलात की एक उचला.

बाकी वाघिणींचं पटकन सांगतो. पाच बंद वाघिणी म्हणजे गोदामाच्या फलाटाला लागलेला रेकचा तुकडा. त्यांत खताच्या किंवा सिमेंटच्या गोण्या माना, पण एका वेळी एकच माल. तीन टाक्या कोळशाला जोडू नका, तसं दृश्य आपल्याकडे दिसत नाही. त्यांच्यासाठी एक छोटं सायडिंग भिंतीतल्या फाटकातून आत गेल्यासारखं करा आणि तीन टाक्या तोंडाशी उभ्या ठेवा. बघणाऱ्याला वाटतं की उरलेल्या सगळ्या आत आहेत.

आता मीटरगेज, कारण तुम्हाला एकेक वाघीण फिरवण्याचीच हौस असेल तर गोव्याकडे त्याचंही उत्तर आहे. मुरगावहून कॅसलरॉकपर्यंतचा हा मार्ग १८८८ साली मीटरगेजच सुरू झाला आणि नव्वदच्या दशकापर्यंत मीटरगेजच राहिला. त्या काळात चारचाकी वाघिणी मिसळून जोडल्या जायच्या. एकीत मीठ, एकीत सिमेंट, एकीत कुणाचं तरी घरसामान. स्टेशनाच्या गोदामाला एक सोडायची, दोन उचलायच्या. तिथे तुमची कार्डं चपखल बसतात. पोर्तुगीज काळ घेतलात तर कुळ्याला पोर्तुगीजांची जकात आणि कॅसलरॉकला पलीकडची, प्रत्येक गाडी दोनदा थांबणार. पुढे मिरजेपर्यंत ब्रॉडगेज आल्यावर तिथे माल एका गेजच्या वाघिणीतून दुसऱ्या गेजच्या वाघिणीत हमालांच्या पाठीवरून जायचा. शंटिंगची हौस भागवायला तर तीन सायडिंगांचं इंगलनुक कोडं पुरेसं आहे: आठ वाघिणींतून पाच ठरलेल्या क्रमाने लावायच्या. क्रम किती होतात? ६७२०. जन्म पुरतो. पण त्यासाठी तुमच्या बॉक्सएन, इंजिनं, सगळं बदलावं लागेल. म्हणून आत्ताच त्या वाटेला जा असं मी म्हणणार नाही.

तिसरी वाट लहान जागेची. कोकण रेल्वेची रो-रो, ट्रक सपाट वाघिणींवर चढवून नेतात ती, गोव्यात वेर्ण्याला १९९९ पासून येते. एक उतरंड, एक रूळ, दहा-बारा ट्रक. सहा फुटांच्या फळीवर होते. खोली गेली तर मी तेच करीन.

हवेविषयी एकच गोष्ट. जून ते चवथ मी मोठं सेशन ठेवत नाही. प्लायवूड फुगतं, सांध्यांची जीभ अडकते, खाऱ्या हवेने रूळ काळे पडतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचे आणि वाळवीवर नजर ठेवायची. लूप वाढवायचं काम मात्र याच दिवसांत उरकून घ्या. सांधा बसवायचा तर मरीन प्लायवर.

पुढच्या कोरड्या रविवारी काय करायचं ते सांगतो. घड्याळ सकाळी ६ ला लावा. गाडीचं इंजिन पाच रिकाम्या बॉक्सएन बंदराला लावेल आणि ब्रेकव्हॅन घेऊन पडद्यामागे जाईल. तिथे रात्री घाट उतरून आलेल्या पाच बंद वाघिणी उभ्या असतील, त्या आणून गोदामाला लावेल. परत बंदरात, भरलेल्या पाच काढायच्या, रिकाम्या पाच लावायच्या. डेमरेजची वही उघडी ठेवा. दहाही भरल्या की तपासणी, सिक निघाली तर अदलाबदल, मग कुळ्याचा लूप. तिथे चिठ्ठी उचला. गोटी मिळाली की मागे बँकर जोडा आणि झाडीत सोडा. बँकर एकटा परत येईल. त्यानंतर ढीग उतरवून रिकामी रेक खाली आणायची. माझ्याकडे एवढं होईपर्यंत संध्याकाळच्या पोदेराचा भोंपू वाजतो आणि घरातून पाव आणायला हाक येते.

लूप सरकवण्याआधी दोन्ही सांध्यांच्या मधली मोकळी लांबी मोजून कळवा. मोजताना रुळाची सबंध लांबी धरू नका. दोन रूळ जवळ येऊन शेजारच्या रुळावरच्या वाघिणीला घासायला लागतात, तिथपर्यंतचीच धरा. एक बॉक्सएन हाताने सरकवत नेली की ती जागा लगेच कळते.